थंड गाडीचा हिसका

"गरम झाली की नीट चालते ना? मग सुरू करून दोन मिनिटं थांबत जा," मेकॅनिक म्हणाला.

"थांबायला वेळ नसतो," सून म्हणाली.

गॅरेजच्या बाकावर तिच्या सासूबाई दम्याचा पंप मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "यांना झटका येतो तो पहाटेच. तेव्हा गाडीचे लाड करत बसू? थंड असतानाच चालली पाहिजे."

गाडी जुनी, ऑटोमॅटिक. सकाळी रिव्हर्स टाकला की दणका बसायचा. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं आणि मग पाठीत रट्टा बसल्यासारखी गाडी उडायची. घराच्या फाटकाबाहेर लगेच चढ. तिथे तर ती अडूनच बसायची. एकदा गरम झाली की मात्र गरीब गाय.

"डॉक्टरसमोर पेशंट ठणठणीत होतो, तसं आहे हिचं," मेकॅनिक म्हणाला. "रात्रभर इथेच राहू दे. सकाळी थंड असताना बघतो."

सकाळी दोघी पुन्हा हजर. त्याने गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढली. तेल काळपट, वास जळका. तेल बदललं, फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी दणका कमी झाला, पण हिसका राहिला.

तेवढ्यात सुनेच्या नवऱ्याचा फोन आला, थेट मेकॅनिकलाच. "आईचा हट्ट म्हणून, नाहीतर भंगारात घातली असती. बायको तिथेच आहे ना? काम होईपर्यंत कुठे जाऊ देऊ नका."

"काळजी करणारा माणूस दिसतोय," फोन ठेवत मेकॅनिक म्हणाला.

"फार," सासूबाई म्हणाल्या.

"बाई, एवढ्या जुन्या गाडीला एवढं पुष्कळ झालं. चालवून घ्या."

"नाही. पुन्हा उघडा."

"खर्च करून वर..."

"पुन्हा उघडा म्हटलं ना," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मेकॅनिकने निमूट पाना उचलला.

या वेळी दोष सापडला. गिअर बदलताना तेलाला वाट करून देणारा एक व्हॉल्व्ह थंडीत अडकत होता, गरम झाला की सुटत होता. त्याने तो बदलला आणि गाडी पुन्हा रात्रभर थंड होऊ दिली.

सकाळी सुनेने स्वतः चावी फिरवली. लगेच रिव्हर्स, लगेच पुढे. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंही नाही.

"तुम्ही बाहेर उभे राहा," ती मेकॅनिकला म्हणाली. "मी पुन्हा मागे घेते. आवाज येतो का सांगा."

"बाई, परीक्षाच घेताय माझी!" तो हसला. पण भिंतीपाशी उभा राहून त्याने कान दिला. "काही नाही. शेजारी झोपलेल्यालाही कळणार नाही."

सून पहिल्यांदाच हसली.

त्याच आठवड्यात एका पहाटे सासूबाईंना धाप लागली. सुनेने त्यांना आधार देत मागच्या सीटवर बसवलं, शाल गुंडाळली. नवरा झोपला होता त्या खोलीची खिडकी गाडीच्या बरोबर वर होती. खिडकीत दिवा लागला नाही.

गाडी थंडगार होती. रिव्हर्स पडला, दणका नाही. फाटक मागे गेलं. चढावर गाडीने ना हिसका दिला, ना कुरकुर केली.

चौकातून हॉस्पिटल डावीकडे होतं. सून सरळ गेली.

मागची धाप केव्हाच थांबली होती. शालीखाली दोघींच्या कपड्यांची पिशवी होती, ती सासूबाईंनी बाजूला सारली. मग पुढे वाकून, सुनेच्या वर सरकलेल्या बाहीने तिच्या दंडावरचे बोटांचे निळे वळ हलकेच झाकले.

"त्याच्या बापाच्या वेळी माझ्याकडे गाडी नव्हती," त्या म्हणाल्या. "चालव, पोरी."