साडेसहाची पाच काडतुसं

हालस्टाइन साडेसहा मिलिमीटरची रायफल खांद्याला अडकवून चांदमारीच्या मैदानावर आला, तेव्हा एम्ब्रेटचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तसाही हल्ली त्याला डोळ्यांचा फारसा भरवसा वाटत नव्हता.

हालस्टाइन उभी हयात सव्वानऊच्या जाड काडतुसाचे गोडवे गात आला होता. एम्ब्रेटच्या साडेसहाला तो उंदीरमार म्हणायचा. एम्ब्रेटचं म्हणणं, बार असा हवा की आपल्या खांद्याला जाणवू नये आणि जनावराला जाणवायला वेळ मिळू नये. गोळी बारीक, लांबट, धक्का जेमतेम, पण एल्कसारख्या थोराड हरणाच्याही फासळ्यांतून आरपार. त्याचा बाप हेच काडतूस वापरायचा, आजाही. रेंदालेनच्या शिकारी टोळीत दर शरदात यावरून जुंपायची आणि कॉफी संपली की भांडणही संपायचं.

"काय रे, घरात उंदीर फार झाले वाटतं?" एम्ब्रेटने विचारलं.

"खांदा दुखतो. भाच्याची मागून आणली."

"खांद्याचं निमित्त. म्हातारपणी का होईना, अक्कल आली म्हण की."

हालस्टाइन नुसता हसला. वसंतापासून तो वाळत चालला होता. कोट अंगावर लोंबत होता.

हंगामाआधीच्या चाचणीची ही शेवटची संध्याकाळ होती. समोर दूरवर कागदावर छापलेला एल्क, त्याच्या छातीवर एक वर्तुळ. पाचही गोळ्या त्या वर्तुळात पडल्या नाहीत, तर त्या वर्षी बंदूक घेऊन जंगलात पाऊल टाकायचं नाही. आधीच्या आठवड्यात एम्ब्रेटच्या गोळ्या बाहेर गेल्या होत्या. वारा होता, असं तो म्हणाला. झाडाचं पानही हललं नव्हतं. बायको, बोर्गहिल्ड, गेल्यापासून त्याला स्वतःचं म्हणावं असं एकच ठिकाण उरलं होतं. दलदलीच्या काठावरची बापाची शिकारीची जागा.

काडतुसं तो घरीच भरायचा. या शेवटच्या चाचणीलाही मोजून पाच. बापाने सहावं कधी खिशात ठेवू दिलं नव्हतं. ओल लागू नये म्हणून त्याने प्रत्येकाच्या बुडाला बोर्गहिल्डच्या नखांच्या लाल रंगाचा एकेक ठिपका लावला. बाटलीत तेवढाच रंग उरला होता. बाटली रिकामी झाली, तरी ती टाकून देववली नाही. त्याच्या लोकरी कोटाच्या उजव्या खिशाला भोक पडलं होतं. किल्ल्या त्यातून अस्तरात घरंगळायच्या. पण तिच्या सुईदोऱ्याच्या डब्याला हात लावणं त्याच्या जिवावर येई.

दोघे शेजारी शेजारी पालथे झोपले. परीक्षक माग्नहिल्डने खूण केली. कान झाकलेले, ओळीतल्या सगळ्यांचे बार एकमेकांत मिसळलेले. एम्ब्रेटला कागदावरचा एल्क चहाच्या डागासारखा दिसत होता. तो उजव्या खिशातून एकेक काडतूस काढायचा, भरायचा, श्वास रोखून बार काढायचा. शेवटी हात खिशातून रिकामा आला. तेव्हा त्याने दस्त्यावर कपाळ टेकलं आणि तसाच पडून राहिला.

माग्नहिल्ड कागद घेऊन आली. एम्ब्रेटच्या कागदावर पाच बारीक भोकं होती. बशीखाली झाकता येतील इतकी जवळजवळ. हालस्टाइनच्या कागदावर ओरखडाही नव्हता.

माग्नहिल्ड हालस्टाइनकडे बघत राहिली. अजून उजेड आहे, पुन्हा चाचणीला बस, असं म्हणाली. त्याने मान हलवली. बंदुकीची सवय नाही म्हणाला, आणि आता पुरे. मग वाकून गवतातली रिकामी काडतुसं वेचली आणि पाच एम्ब्रेटच्या ओंजळीत टाकली. एम्ब्रेटने ती न बघताच डब्यात ओतली.

कॉफीच्या टेबलावर एम्ब्रेटला कंठ फुटला.

"जन्मभर हिला नावं ठेवलीस, तिने तुला बरोबर ओळखलं. साडेसहा कुणाच्याही हाती नांदत नाही, बाबा."

सगळे हसले. हालस्टाइनने कॉफीवर फुंकर मारली.

"काडतूस चांगलंच आहे रे," तो म्हणाला. "मी आपला उगाच बोलायचो."

तिथेच थांबायला हवं होतं. पण एम्ब्रेटने तोच विनोद दुकानात सांगितला, पेट्रोल पंपावर सांगितला, चर्चच्या पायऱ्यांवरही सांगितला. हालस्टाइन कुठे दिसेनासा झाला. मग कळलं की तो इस्पितळात आहे. पोटाचं दुखणं, वसंतातच निदान झालेलं. भेटायला जाताना न्यावी म्हणून एम्ब्रेटने रानफळांच्या मुरंब्याची बरणी काढून ठेवली. ती टेबलावरच राहिली. जाऊन बोलायचं काय, हेच त्याला सुचत नव्हतं. हंगामाच्या तोंडावर हालस्टाइनला पुरलं.

पहिल्या दिवशी टोळीने वरच्या टेकाडावरची हालस्टाइनची जागा रिकामी ठेवली. एम्ब्रेट खाली दलदलीच्या काठी बसला. त्याची नजर सारखी टेकाडाकडे जात होती. दरवर्षी तिथून एक हात वर व्हायचा. निदान शेवटच्या शरदात तरी त्याला तिथे बसायला मिळायला हवं होतं, असं त्याच्या मनात येत होतं. आणि वर आपण हसलो.

कुत्रं भुंकलं. झाडांतून एक काळसर डाग दलदलीत उतरला. एम्ब्रेटने बंदूक लावली, श्वास रोखला, बार काढला. धक्का जाणवलाही नाही. डाग थबकला, मग सावकाश चालत पलीकडच्या रानात शिरला.

दुसरं काडतूस डाव्या खिशात होतं. पण सवयीने हात उजव्या खिशात गेला. खिसा रिकामा होता. बोट भोकातून आत गेलं आणि खाली अस्तराच्या दुमडीत काहीतरी कडक लागलं. किल्ली असेल, असं वाटून त्याने ते वर ओढलं.

साडेसहाचं काडतूस होतं. भरलेलं, गोळी जागच्या जागी. त्याने ते उलटं करून डोळ्यांजवळ धरलं. बुडाला लाल ठिपका होता. चाचणीच्या पाचांतलं एक.