खोबरेलाचा वास

कंपवाताचं मूळ शोधायला तेरेसिता वासाच्या कुप्या घेऊन ग्वाम बेटावर गावोगाव फिरायची. आज तिच्याच आजीची पाळी होती.

"थरथरतो माझा हात, आणि तू मेली तपासतेस नाक!"

"अगं आजी, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी बऱ्याच जणांना वास येईनासा होतो. तेव्हाच ओळखता आलं, तर पुढचं थोपवायचा उपाय शोधता येईल."

"शोधा बाई लवकर."

निघताना बेटावरच्या रीतीप्रमाणे तेरेसितानं वाकून आजीच्या हाताला नाक टेकवलं आणि लहानपणापासून हुंगायची तसा तो हुंगला.

"हल्ली खोबरेल लावायचं सोडलंस वाटतं?"

आजी हसली आणि थरथरत्या बोटांनी तिचं नाक पुसू लागली.

"सोडते कशाला? आत्ताच तर चोपडलंय. हे बघ, तुझ्या नाकाला लागलं."