नितळ पाण्यातली होडी

सांडपाणी केंद्रावरचा हिरामण रोज दुपारी टाकीतलं गढूळ पाणी काचेच्या नळकांड्यात भरून कठड्यावर ठेवी. अर्ध्या तासात गाळ तळाशी बसे. किती बसला, एवढंच त्याला वहीत लिहायचं असे.

आज वरच्या नितळ पाण्यातून पलीकडची खाडी दिसत होती. तिथे त्याच्या धाकट्या भावाची, कुंदनची होडी होती. होडीत कुणीच नव्हतं.

त्याने दचकून मान वर केली. कुंदन होडीत बसून जाळं झाडत होता. पुन्हा काचेतून पाहिलं. होडी रिकामीच.

"कुंदन! वर ये, आत्ताच्या आत्ता!"

होडी खुंटाला बांधून कुंदन चिखल तुडवत आला. "काय रं दादूस? माझी मासली गेली. आता च्या तरी पाज."

हिरामणने त्याचा दंड घट्ट धरला. उन्हाने तापलेला, ओळखीचा दंड. त्याचा जीव भांड्यात पडला.

"यातून बग," तो म्हणाला. "तू होडीत व्हतास, तरी मला ती रिकामीच दिसली."

कुंदन हसत वाकला आणि काचेला डोळा लावून तसाच राहिला.

"दादूस," त्याने हळूच विचारलं, "तू होडीत कवा जाऊन बसलास?"