चुलीजवळचं स्टूल
ईस्टरचं कोकरू खाऊन झालं आणि त्याच टेबलावर ऑगस्टच्या सुट्टीचं ठरायला लागलं. पॅरिसहून, लियाँहून सगळा गोतावळा पंधरा दिवस माझ्या शेतावरच्या घरी उतरणार होता. माझी सून ओदील नावं लिहीत होती. शेवटचं नाव लिहून तिनं पेन्सिल खाली ठेवली. "सासूबाई, तुम्हाला धरून तेरा होतात." टेबलाशी तेरा जण बसले की वर्षाच्या आत त्यातला एक जातो, म्हणून या घरात तेरा बसत नाहीत. हा नियम माझाच. "मग आई, तू आत जेव," मुलगा हसला, "नाहीतरी आमच्या बडबडीनं तुझं डोकं उठतं." "मेल्यांनो, या भाकडकथा आता कोण मानतं?" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ओदील माझ्याकडेच बघत होती. लग्नानंतरच्या पहिल्या ऑगस्टात तेरावी ती होती. पंधराही दिवस मी तिला ताटली घेऊन चुलीजवळच्या स्टुलावर धाडलं होतं. आता नियम मोडला, तर तो नियम नव्हताच, नुसता माझा खवटपणा होता, हे माझ्याच तोंडानं कबूल करावं लागणार. "बसेन की आत! मी काय मोडून पडतेय?" म्हणत मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि त्या स्टुलावर बसून पाहिलं. या घरात चव्वेचाळीस वर्षं काढली, पण तिथे मी कधी बसले नव्हते. तिथून टेबल दिसत नाही, नुसतं हसणं ऐकू येतं.