बिरोबाचा भंडारा

शर्यतीत गाडीचे ब्रेक वळणावळणाला तापतात आणि लय तापले की धरत नाहीत. म्हणून भाऊसोनं आटपाडीच्या आपल्या गॅरेजात लेकीच्या गाडीच्या बंपरला दोन भोकं पाडली आणि तिथून पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकपर्यंत वाऱ्यासाठी पाइप नेले. सरावात गाडी अशी जागच्या जागी थांबायची, की प्रांजल हसून म्हणायची, "आबा, आता मला कोण गाठतंय!"

शर्यतीच्या दिवशी मात्र वळणावर गाडी थांबलीच नाही.

प्रांजलची माती झाल्यावर चेपलेली गाडी गॅरेजात आली. भाऊसो तिच्याखाली शिरला. डावा पाइप मोकळा होता. उजव्याच्या तोंडात एक पिवळं गाठोडं घट्ट बसलं होतं. त्यानं ते ओढलं, तशी हळद त्याच्या छातीवर सांडली.

दारातून त्याच्या बायकोचा, भामाबाईचा आवाज आला, "आवं, निघताना म्या गाडीला बिरोबाचा भंडारा बांधलाता. पडू नये म्हणून त्या भोकात चांगला दाबून बसवलाता. तरी द्येवानं असं कसं केलं वो?"

भाऊसोनं गाडीखालीच ते गाठोडं खिशात कोंबलं. मग तिथूनच म्हणाला, "द्येवाला बोल लावू नगंस. पाइप म्याच वाकडा बसवला."

तेव्हापासून भामाबाई त्याच्याशी बोलत नाही. दर रविवारी बिरोबाला मात्र जाते. भाऊसो तिला पायरीपाशी सोडतो आणि बाहेरच उभा राहतो.