पालक

“ही मंदा कोण?” मास्तरांनी जन्माच्या दाखल्यावरून नजर वर केली.

रुक्मिणीने आधी दाराकडे पाहिलं. कमळी बाहेर ओटीवर बसून नव्या पाटीवर थुंकी लावून बोट फिरवत होती. तिला ऐकू जाणार नाही, असं वाटल्यावर ती हळूच म्हणाली, “माझी धाकटी बहीण. हिला जन्म दिला आणि आठव्या दिवशी गेली.”

“आणि बाप?”

“आचोळ्याला असतो. दुसरं लग्न केलं त्यानं. पोरीला बघायलाही आला नाही कधी. मी नि माझ्या मालकांनीच वाढवलं.”

“दत्तक घेतलंय?”

“घरात आणली तेव्हाच घेतली ना.”

मास्तर जरा घुटमळले. “तसं नाही, बाई. इंग्रज सरकारच्या कायद्यात मुलगाच दत्तक जातो, मुलगी नाही. तुमचं नाव आई म्हणून लावता येणार नाही मला.” त्यांनी दौतीत टाक बुडवला. “पालक लिहितो.”

“म्हणजे काय?”

“सांभाळ करणारे.”

रुक्मिणीने तो शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. वाडीत त्या नावाची भाजी होती. पोरीच्या नावापुढे तो कसा दिसेल, ते काही तिला कळेना.

“हिला ठाऊक आहे का?” मास्तरांनी विचारलं.

“नाही.” तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. “मास्तर, वाचायला कधी लागेल ही?”

“हुशार दिसते. वर्षभरात लागेल.”

इतक्यात ओटीवरून हाक आली, “आई, माझं नाव लिवलं?”

“लिहितायत गं. बस तिथंच.”

मास्तरांनी शाळेची नावनोंदणीची वही फिरवून तिच्यापुढे केली आणि शाईची गादी सरकवली. “इथं अंगठा करा.”

“तो शब्द कुठला? दाखवा.”

मास्तरांनी टाकाच्या मागच्या टोकाने दाखवला. रुक्मिणीने गादीवर अंगठा चांगला दाबला, उचलला आणि नेमका त्या शब्दावर टेकवला. अक्षरं अजून ओली होती. तिने अंगठा जरा फिरवला आणि मगच काढला. तिथे काळा डाग उरला.

मास्तरांनी टीपकागद हातात घेतला, पण टेकवला नाही.

“बाई,” ते आवाज उतरवून म्हणाले, “इयत्ता बदलली की वही नवी होते. मला परत लिहावं लागेल.”

रुक्मिणीने अंगठा पदराला पुसला.

“मग मी दरवर्षी येईन,” ती म्हणाली.