आतल्या रस्त्याचे टायर

"पंचेचाळीस का पन्नास, एकदा ठरवा साहेब," गोरक्षनाथ म्हणाला.

भिंगारमधल्या त्याच्या दुकानासमोर शांतवनची लाल गाडी जॅकवर उभी होती. चारही चाकं काढून फरशीवर ठेवली होती. कंपनीनंच दिलेली सतरा इंची अलॉयची चाकं, आणि त्यांच्याभोवती पट्टीसारखे पातळ टायर. गाडीचा सगळा रुबाब त्या चाकांत होता. ती बदलायची नाहीत, हे शांतवननं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. प्रश्न फक्त टायरच्या मापाचा होता.

गोरक्षनाथनं दोन टायर शेजारी शेजारी उभे केले. रुंदी दोन्हींची सारखीच. एक कंपनीच्या मापाचा, पंचेचाळीसचा. म्हणजे रुंदीच्या पंचेचाळीस टक्के उंची. दुसरा पन्नासचा, जेमतेम बोटभर उंच.

"पन्नासचा टाकला तर गाडी एक सेंटिमीटर वर उचलंल. खड्ड्याचा मार टायरच खाईल, चाकाला बसायचा न्हाई. पन वळनावर आत्तासारखी चिकटून पळायची न्हाई. काटा ऐंशीवर आसंल तवा गाडी त्र्याऐंशीनं पळत आसंल. आन् दिसायलाबी जरा..." तो थांबला. "तुमी ऱ्हाता पुन्याला. मी म्हनतो, कंपनीचंच माप ठेवा."

"तिसगावच्या आत जायचंय," शांतवन म्हणाला. "चार किलोमीटर. रस्ता फार खराब आहे."

सहा वर्षांपूर्वी गाडी नवी होती, तेव्हा तो आईला दाखवायला म्हणून ती थेट घरापर्यंत घेऊन गेला होता. गाव दिसायला लागलं आणि पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. टायर फुटला, चाकाची कड वाकली. तशीच खुरडत गाडी दारात नेली. आईनं, दयाबाईनं, शेजारच्या बायकांना बोलावून ठेवलं होतं. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "हा रस्ता होईपर्यंत मी काही इकडं गाडी आणायचो नाही."

तो बोलला तसाच वागला. वर्षातून दोन-तीनदा यायचा, पण हमरस्त्यावरच्या तिसगावपर्यंतच. बाजारातल्या हॉटेलात आई आधीच येऊन बसलेली असायची. पिशवीत बाजरीचं पीठ, शेवग्याच्या शेंगा, नाताळ असला तर करंज्यांचा डबा. अर्धा-पाऊण तास दोघं बोलायचे. मग त्याची नजर घड्याळाकडे जायची आणि तीच म्हणायची, "निघ आता. घाटात गर्दी हुईल." ती घरून कशी आली, परत कशी जाणार, हे त्यानं कधी विचारलं नाही.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. "या खेपंला न्हाई जमायचं मला तिसगावला यायला. गुडघ्यानं धरलंय. आपुन फुडच्या टायमाला भेटू." इतकंच. तू घरी ये, असं ती म्हणाली नाही. ते न म्हणणं त्याला चार दिवस टोचत राहिलं.

"पन्नासचे टाका," तो म्हणाला.

गोरक्षनाथनं चाकं चढवली, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितलं. टायर कुठं घासत नव्हता.

करंजीच्या घाटात गाडी वळणावर जराशी झुलली. त्याला ते आवडलं नाही, पण आईसाठी आपण एवढं सोडलं, याचं बरंही वाटलं. तिसगाव आलं. तो आत वळला, शाळा ओलांडली आणि जुन्या सवयीनं वेग कमी केला.

खड्डा आला नाही. पुढचाही आला नाही. समोर काळाभोर डांबरी रस्ता सरळ पसरला होता, दोन्ही कडांना पांढरे पट्टे. आपण वाट चुकलो, असं वाटून त्यानं गाडी थांबवली. बांधावर एक म्हातारा शेळ्या चारत बसला होता. शांतवननं त्याला गावाचा रस्ता विचारला.

म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून त्याला निरखलं. "दयाबाईचा शांतवन ना तू? मी बजरंग, तुझ्या बापाचा दोस्त. ह्योच की रस्ता."

"हा कधी झाला?"

"दोन वर्षं झाली. तुझ्या आईनंच केला म्हन. चार वर्षं पाथर्डीच्या कचेरीत चकरा मारल्या, अर्ज घिऊन. आमी सह्या करून कटाळलो. पोराची गाडी दारात याया पायजे, म्हनायची."

उरलेला रस्ता पाच मिनिटांत संपला. नवे टायर जराही वाजले नाहीत. आधी हॉटेलात आई भेटायची तेव्हा तिची पावलं घोट्यापर्यंत मातीनं भरलेली असायची. अलीकडे पावलं स्वच्छ असायची. त्यानं ते पाहिलं होतं, आणि त्याच्या काहीच लक्षात आलं नव्हतं.

आई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्याला फडकं बांधलेलं. गाडी दारात थांबली तशी ती उठायला लागली.

"बस, बस," तो म्हणाला आणि तिच्याजवळ टेकला. ती त्याच्याकडे न बघता गाडीकडेच बघत राहिली.

"आई, रस्ता होऊन दोन वर्षं झाली. मला सांगितलं का नाहीस?"

तिनं गुडघ्यावरचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं.

"सांगितलं आसतं," ती म्हणाली, "आन् तरीबी तू आला नसतास, तर मी मनाला काय सांगायचं हुतं?"